फतवा मिळाला, वाचक मिळाले नाहीत

'मुसलमानांनी धर्मापायी छापखाना अडवून ठेवला' हे वाक्य इतिहासाच्या वर्गात हमखास ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे, आणि अर्धं सत्य मुलांना लवकर पाठ होतं.

उस्मानी राजधानी इस्तंबूलमध्ये स्पेनमधून हाकलले गेलेले ज्यू १४९३च्या सुमारास हिब्रू पुस्तकं छापत होते. १५६७मध्ये तिथे आर्मेनियन छापखानाही निघाला. यंत्र शहरात होतं. त्यावर अरबी लिपी तेवढी चढली नव्हती. १७२७मध्ये सुलतान तिसरा अहमद याने इब्राहिम मुतफर्रिका यांना परवाना दिला. शेख-उल-इस्लामनी अनुकूल फतवाही दिला. अट एक होती: कुराण, हदीस, फिकह छापायचं नाही. १७२९मध्ये पहिलं पुस्तक निघालं, अरबी-तुर्की शब्दकोश. १७४२पर्यंत एकूण १७ पुस्तकं झाली. मुतफर्रिका गेले आणि काम जवळजवळ थांबलं.

असं का झालं? मदरशात रोज लागणारी पुस्तकंच परवान्याबाहेर होती. उरलेल्या विषयांचे वाचक मूठभर. सरकारने परवाना दिला, पण वाचक घडवणाऱ्या नव्या शाळा काढल्या नाहीत. एका हुकमावर उभं राहिलेलं काम एका माणसाबरोबर संपलं.

हीच लिपी आपल्याकडे उर्दूत वापरतात, म्हणून इथला अनुभव ताडून पाहण्यासारखा आहे. उर्दूची नस्तालीक वळणं शिशाच्या खिळ्यांत नीट बसत नव्हती. मग शिळाछाप आली. कातिबाने लिहिलेलं पान दगडावर उतरवून जसंच्या तसं छापता येऊ लागलं. कातिब बेकार झाला नाही, उलट त्याची गरज वाढली. लखनौला १८५८मध्ये मुन्शी नवलकिशोर यांनी छापखाना काढला. या हिंदू मालकाने कुराणही छापलं, आणि मुसलमानांनी ते घरी नेलं.

इंग्रज सरकार उदार होतं म्हणून हे घडलं, असं मात्र नाही. १८३५मध्ये मेटकाफ यांनी छापखान्यांवरचे निर्बंध सैल केले, तर १८७८मध्ये लिटन यांनी देशी भाषांतल्या वृत्तपत्रांसाठी वेगळा जाचक कायदा आणला. तरी छपाई टिकली. ती एकाच परवान्यावर उभी नव्हती. तिच्यामागे कातिब होते, व्यापारी होते, वाचक होते.

तेव्हा नवं यंत्र आलं की धर्माने काय म्हटलं, एवढंच विचारून थांबू नये. सत्तेने ते कोणाच्या हाती दिलं, काय छापू दिलं आणि वाचायला कोणाला शिकवलं, हेही विचारावं. वर्गात टॅबलेट आणि मोबाईल आलेत, तेव्हा हे प्रश्न आजही जुने झालेले नाहीत.