चित्राची चौकट

सांगलीचें नांव निघालें कीं मराठी माणसास प्रथम विष्णुदास भावे आठवतात. पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयानें इ. स. १८४३ मध्यें त्यांनीं ‘सीतास्वयंवर’ तेथें रंगभूमीवर आणिलें. नाटक पाहणाऱ्याची दृष्टि स्वतंत्र असते; सूत्रधार बोलत असतां कोपऱ्यांतील साथीदाराकडे पाहण्यास त्यास कोणी मनाई करीत नाहीं. चित्रपटाची गोष्ट निराळी. काय दिसावें व काय वगळावें हें चित्र घेणाऱ्यानें चौकट आंखून आधींच ठरविलेलें असतें. परंतु ती चौकट तरी अढळ आहे काय? गेल्या सुमारें १३० वर्षांचा इतिहास पाहतां असें दिसतें कीं, ती वारंवार बदलली, आणि बहुतेक वेळीं तिच्या बाहेर कांहींतरी पडलें. हल्लीं तर संगणकावर एक कळ दाबून कोणासही ती बदलतां येते. म्हणून हा इतिहास ठाऊक असणें अगत्याचें झालें आहे.

पहिली चौकट अमेरिकेंत एडिसनच्या प्रयोगशाळेंत ठरली. त्याचा सहकारी डिक्सन ह्यानें १८९२ च्या सुमारास ३५ मिलिमीटर रुंदीची फीत घेऊन प्रत्येक चित्रास दोहों बाजूंस चार चार छिद्रें ठेविलीं. त्यामुळें चित्राची रुंदी व उंची ह्यांचें प्रमाण चारास तीन असें झालें. ह्यांत सौंदर्यशास्त्राचा संबंध थोडा, फितीच्या मापाचा अधिक. पुढें बोलपट आला. आवाजाची पट्टी त्याच फितीवर छापावयाची, म्हणून तिनें चित्राची एक कड गिळली आणि चित्र जवळजवळ चौरस झालें. अखेर १९३२ मध्यें हॉलिवुडच्या अकादमीनें उंचीही थोडी कापून हें प्रमाण १.३७ ठरविलें. त्याच वर्षीं कोल्हापुरास प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट तयार झाला, हा योगायोग लक्षांत ठेवण्याजोगा आहे. चित्रास वाचा फुटली, ती त्याच्या अंगाचा कांहीं भाग देऊन.

१९५० नंतर दूरचित्रवाणीनें अमेरिकन प्रेक्षकास घरांत बसविलें, तेव्हां त्यास पुन्हा बाहेर ओढण्यासाठीं चित्रपट कंपन्यांनीं पडदा रुंद केला. ‘सिनेमास्कोप’ची युक्ति हेन्री क्रेत्यँ ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या भिंगावर आधारलेली होती. चित्र घेतांना तें भिंग दृश्याची रुंदी निम्म्यानें दाबून फितीवर बसवी, आणि दाखवितांना दुसरें भिंग ती पुन्हा दुप्पट पसरी. ‘द रोब’ हा ह्या पद्धतीचा पहिला चित्रपट १९५३ चा. आपल्याकडे गुरुदत्त ह्यांचा ‘कागज के फूल’ १९५९ चा. म्हणजे चित्राचा आकार बदलण्याची विद्या संगणकापूर्वींच भिंगास अवगत होती! मात्र पसरविणारें भिंग जवळ नसेल तर पडद्यावरील माणसें वेळूसारखीं उंच व सडपातळ दिसावयाचीं. पुसेगांवच्या सेवागिरीच्या किंवा पालीच्या खंडोबाच्या यात्रेसारख्या गर्दींत तंबू ठोकून खेळ दाखविणाऱ्यांस हा भेद संभाळणें भाग असे. महाराष्ट्रांतील अशा फिरत्या चित्रगृहांवरील ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ मध्यें कान महोत्सवांत दाखविला गेला.

मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. त्या काळच्या पडद्याचें प्रमाण जुनेंच, चारास तीन, त्यावर २.३५ प्रमाणाचा रुंद चित्रपट पडदा भरून दाखविल्यास १०० पैकीं ४३ भाग बाहेर राहात. आज घरोघरीं सोळास नऊ प्रमाणाचा पडदा आहे, आणि गंडांतर जुन्या चित्रपटांवर आलें आहे. संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्यें जुनी चित्रफीत ह्या मापांत बसवावयाची तर तीन वाटा असतात. पहिली, रुंदी भरेपर्यंत चित्र मोठें करून वरखालचा भाग छाटणें. ह्यांत चित्राचा सुमारें चवथा हिस्सा जातो. दुसरी, रुंदी व उंची ह्यांची सांगड तोडून केवळ रुंदी ताणणें. ह्यांत जात कांहींच नाहीं, पण प्रत्येक चेहरा सुमारें तिसऱ्या हिश्श्यानें रुंदावतो. तिसरी, उंची भरून दोहों बाजूंस काळ्या पट्ट्या सोडणें. मोबाइलच्या उभ्या पडद्यासाठीं छाटणी केली तर १०० पैकीं सुमारें ४० भागच उरतात. शिवाय मोठें करणें म्हणजे अधिक दिसणें नव्हे. ६४० बाय ४८० बिंदूंचें चित्र १,४४० बाय १,०८० केलें, तर पांचांपैकीं चार बिंदू संगणकानें शेजारच्या बिंदूंवरून अनुमानानें भरलेले असतात.

हा प्रश्न केवळ कारागिरीचा नाहीं. सांगली जिल्ह्यांतील नागठाणें हें ज्यांचें जन्मगांव मानितात, त्या बालगंधर्वांनीं प्रभातच्या १९३५ च्या ‘धर्मात्मा’ ह्या चित्रपटांत संत एकनाथांची भूमिका केली. स्त्रीभूमिकांनीं महाराष्ट्रास मोहिनी घालणारा हा नट तेथें पुरुषवेषानें उभा आहे. त्यांस रंगभूमीवर पाहिलेली पिढी आतां जवळजवळ उरली नाहीं. त्यांची चर्या व चाल नातवंडांस कळावयाची ती अशा फितींवरून. फीत ताणली, तर मुलांच्या मनांत ठसणारे बालगंधर्व भलतेच. छाटली, तर हानि त्याहून मोठी. अस्पृश्यतेविरुद्ध बोलणाऱ्या त्या कथेंत कडेला उभीं राहणारीं वा पायथ्याशीं बसणारीं माणसें हींच खरा विषय आहेत. पडदा भरलेला दिसावा एवढ्याच हौसेनें अशांना चौकटीबाहेर घालविणें ह्यासारखा विपर्यास नाहीं.

कोणी म्हणेल, काळ्या पट्ट्या बऱ्या दिसत नाहींत. साताऱ्यास पारसनीसांनीं ऐतिहासिक कागदपत्रांचा मोठा संग्रह केला. असा एकादा कागद फाटलेला असला तर जाणता संपादक छापतांना तेथें जागा कोरी सोडतो. पान भरावें म्हणून पदरचीं अक्षरें घालीत नाहीं. काळी पट्टी ही तशीच प्रामाणिक कोरी जागा होय. म्हणून आकार बदलावयाचा तो नकलेचा बदलावा, मूळ फीत जशीच्या तशी राखावी, आणि रुंदी-उंचीची सांगड सहसा तोडूं नये. पडदे आणखी बदलतील. आपण छाटलेली कड मात्र पुढच्या पिढीस कोठूनही परत मिळणार नाहीं.