गोतसभा

गोतसभा : मध्ययुगीन महाराष्ट्रातील वतनदारांची न्यायसभा. अहमदनगरच्या निजामशाहीत (१४९०–१६३६) व पुढे मराठेशाहीतही, वतनाचा किंवा वडीलकीचा तंटा उभा राहिला म्हणजे पाटील, कुलकर्णी, शेटे, महाजन व बलुतेदार एकत्र बसत, उभय पक्षांकडून राजीनामे (निकाल मान्य करण्याची लेखी कबुली) व जामीन घेत, करीने (कैफियती) ऐकत, आणि साक्षीपुरावा अपुरा पडल्यास दिव्याचा (दैवी कसोटीचा) आश्रय करून निकालाचा महजर (निवाडापत्र) लिहीत. त्यावर कुणब्याचा नांगर, लोहाराची सांडस, न्हाव्याचा आरसा अशा निशाण्या उमटत, आणि निरक्षराची साक्षही कुलकर्ण्याच्या लेखणीइतकीच ग्राह्य ठरे, ही या संस्थेची सर्वांत हृद्य बाजू होय. वडिलाचा मान, दिल्या शब्दाला जागणे व पांढरीची (गाववस्तीची) लाज ही तिची अधिष्ठाने. मात्र सीमेच्या वादात महाराची साक्ष निर्णायक मानणाऱ्या या व्यवस्थेने त्याला सामाजिक समता दिली नाही, हा तिचा अक्षम्य दोष. १८१८ नंतर इंग्रज प्रशासक एल्फिन्स्टनने अशा पंचायती राखण्याचा यत्न केला, परंतु इंग्रजी अदालतींपुढे त्या निष्प्रभ झाल्या. महसुली पाटलांचे पद १९६२च्या कायद्याने रद्द झाले.