आषाढात वाढते, आश्विनात उडते

मंडळी, घरांचा इतिहास लिहिताना आपण भिंती मोजतो, हवा मोजायची राहून जाते. रहिमतपूर घ्या. सह्याद्रीच्या पूर्वेला, कोरेगाव तालुक्यातलं गाव; महाबळेश्वरासारखा पाऊस इथं नाही. तरी जुन्या मातीच्या भिंती आषाढ-श्रावणात ओल धरतात, आणि फडताळात, गोधड्यांवर, ट्रंकेतल्या कपड्यांवर बुरशी धरते.

गंमत अशी, की पेनिसिलियम, अ‍ॅस्परजिलस या बुरशा ओलीत वाढतात. त्यांचे बीजाणू मात्र वाळल्यावर, जरा धक्का लागला की उडतात. १८७०च्या दशकात डी. डी. कनिंगहॅम यांनी कलकत्त्यात, तुरुंगांच्या आवारात, चिकट काचेवर हवेतले बीजाणू पकडून मोजले. कैद्यांच्या ताप-जुलाबाशी त्यांचा संबंध त्यांना दिसला नाही. दम्याशी असलेला संबंध चाचण्यांनी सिद्ध होऊ लागला तो १९२०च्या दशकात.

आपल्याकडे उपाय मात्र रूढीतच होता. घट बसण्याआधी घर झाडायचं, गोधड्या धुवायच्या, अंथरुणं उन्हात टाकायची. शहाणपणच ते. पण झाडलं कुणी? बायकांनी, नाकाला पदर लावून. घर स्वच्छ झालं आणि ती धूळ त्यांच्या छातीत गेली. परंपरेचा जमाखर्च मांडताना हा खर्च आपण कधी लिहिलाच नाही.

तेव्हा यंदा आधी खिडक्या उघडू, मास्क लावू, बुरशी कोरडी न झटकता ओल्या फडक्यानं पुसू. दमेकऱ्याला त्या दिवशी लांब ठेवू. आणि झाडू पुरुषांनीही हातात घ्यावा. खर्च वाटून घेणं हाही इतिहासाचा धडाच आहे.