टॉम फिनीचा संसार



खेळाडूचें चरित्र सांगावयाचें म्हटलें कीं त्यानें गोल किती केले, सामने किती जिंकले, मानसन्मान कोणते मिळविले, हा जमाखर्च आधीं मांडण्याची चाल आहे. आज ज्या गृहस्थाविषयीं मी बोलणार आहें, त्याचा तो जमाखर्च कांहीं लहान नाहीं. इंग्लंडच्या वतीनें ७६ सामने व त्यांत ३० गोल. प्रेस्टन नॉर्थ एन्ड या एकाच क्लबाकडून लीगचे ४३३ सामने व १८७ गोल. आणि या सबंध कारकीर्दींत पंचानें वहींत नांव टिपून घ्यावें असा प्रसंग एकदांहि आला नाहीं. परंतु हे आंकडे कोणत्याहि कोशांत सांपडतील. मला बोलावयाचें आहे तें त्याच्या संसाराविषयीं. टॉम फिनी यांनीं घरादाराच्या ओढीनें इटलीची दौलत लाथाडली, अशी गोड कथा पुष्कळदां ऐकूं येते. ती खरी नाहीं. खरी हकीकत थोडी कडवट आहे, आणि माझ्या मतें त्या कथेहून अधिक मोलाची आहे.

लँकेशायर म्हटलें कीं आपल्याकडील जुन्या पिढीस आठवे तें विलायती कापड व त्याच्या होळ्या. प्रेस्टन हें त्याच परगण्यांतील गिरण्यांचें गांव. सूत कातण्याच्या यंत्रासाठीं गाजलेला रिचर्ड आर्कराईट १७३२ सालीं येथेंच जन्मला. १८८८-८९ सालीं इंग्लंडांत फुटबॉलची लीग प्रथम भरली, तेव्हां पहिलें विजेतेपद याच गांवच्या क्लबानें मिळविलें. त्या क्लबाच्या डीपडेल नांवाच्या मैदानापासून हांकेच्या अंतरावर ५ एप्रिल १९२२ रोजीं टॉमचा जन्म झाला. तो अगदीं लहान असतांनाच आई वारली. पोरवड्याचा भार एकट्या बापावर पडला. टॉम अंगानें किरकोळ, प्रकृतीनें नाजूक. पण चेंडू पायाशीं आला कीं तो सोडावयाचा नाहीं. मुळांत डावखुऱ्या पायाचा. उजवा पाय त्यानें सरावानें तयार केला, आणि पुढें तो बहुतेक खेळला तो उजव्या बगलेसच.

शाळा सुटण्याच्या सुमारास क्लबानें त्याला मैदानावरील नोकरी देऊं केली. गांवांतल्या कोणत्याहि पोराला स्वर्ग दोन बोटें उरावा अशी ती संधि! पण बाप आडवा आला. त्यानें टॉमला नळकामाच्या धंद्यांत उमेदवार म्हणून घातलेलें होतें. ती उमेदवारी पुरी होईतों खेळाची नोकरी नाहीं, असें त्यानें साफ सांगितलें. आमच्याकडील बाप 'आधीं मॅट्रिक हो, मग काय तें खेळ' असें म्हणतो, त्यांतलाच हा प्रकार. शिक्षकाच्या पेशांत असतांना अशा बापांची बाजू मी पुष्कळदां घेतली आहे, आणि कधीं कधीं मागाहून पस्तावलोंहि आहें. येथें मात्र बापाचा हिशेब बरोबर होता. विधुराच्या घरांत पोटाला आधार देणारा हुन्नर मुलाच्या हातीं असावा, एवढेंच त्याला कळत होतें. टॉमनें मुकाट्यानें नळ जोडले आणि संध्याकाळीं चेंडू खेळला. १९४० च्या जानेवारींत तो क्लबाचा वेतनी खेळाडू झाला, तों युद्ध पेटलेलें होतें.

युद्धानें त्याच्या तारुण्याचीं ऐन वर्षें नेलीं. तो आठव्या सैन्याबरोबर इजिप्तमध्यें गेला, तेथून इटलींत. १९४५ च्या एप्रिलमध्यें अर्जेन्टाच्या लढाईंत तो हलका रणगाडा हांकीत होता. त्याच आठव्या सैन्याच्या त्याच चढाईंत, सेनिओ नदीच्या कांठीं, ९ एप्रिल रोजीं नगर जिल्ह्यांतील निमजचे नामदेव जाधव यांनीं व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला, हें श्रोत्यांपैकीं कांहींना आठवेल. दोघांची गांठ पडली असेल असें मी म्हणत नाहीं; पण त्या चिखलांतून आपआपल्या घराची वाट पाहणारीं माणसें किती मुलुखांची होतीं, हें ध्यानांत यावें म्हणून उल्लेख केला.

त्याच सालीं टॉमनें एल्सी नोब्लेट या प्रेस्टनच्याच मुलीशीं लग्न केलें. आतां त्यांना टॉमराव म्हणावयास हरकत नाहीं. १९४६ च्या ऑगस्टमध्यें ते लीगचा पहिला सामना खेळले व महिन्याभरांत इंग्लंडच्या संघांत गेले. पण नळाचीं अवजारें त्यांनीं टाकलीं नाहींत. भावाबरोबर त्यांनीं नळकामाचा धंदा चालविला. शनिवारीं हजारों लोक ज्यांच्या नांवानें ओरडत, तेच गृहस्थ सोमवारीं कोणाच्या तरी न्हाणीघरांत गुडघे टेंकून बसलेले असावयाचे. 'प्रेस्टनचा प्लंबर' हें नांव त्यांना पडलें तें यावरून. घरीं एक मुलगा व एक मुलगी झाली.

याला कांहीं लोक साधेपणा म्हणतात. साधेपणा असेल, पण त्याच्या मुळाशीं एक रोकडें कारण होतें. त्या काळीं इंग्लंडांत खेळाडूच्या पगाराला कायद्यासारखी मर्यादा घातलेली होती. १९५२ सालीं ती हंगामांत आठवड्याला १४ पौंड होती, उन्हाळ्यांत त्याहून कमी. खेळाडू उत्तम असो वा सुमार असो, याहून अधिक कोणासहि द्यावयाचें नाहीं! शिवाय त्याची नोंदणी क्लबाच्या कपाटांत असे. करार संपला तरी क्लबानें सोडल्याखेरीज त्याला लीगमधील दुसऱ्या क्लबाकडे जातां येत नसे. जनावराच्या बाजारांत निदान दावें कोणाच्या हातीं आहे तें दिसतें. येथें तेंहि दिसत नव्हतें.

आतां त्या इटलीच्या कथेकडे येऊं. १९५२ च्या मे महिन्यांत इंग्लंडचा संघ फ्लॉरेन्स येथें इटलीशीं खेळावयास गेला होता. तेथें पालेर्मो क्लबाचे अध्यक्ष असलेले एक सिसिलियन राजपुत्र फिनींना भेटले. त्यांचें देणें असें: सही करतांच १०,००० पौंड, दरमहा १३० पौंड, सामन्यांबद्दल बक्षिसी निराळी, समुद्रकांठीं बंगला, मोटार, आणि कुटुंबाच्या जाण्यायेण्याचा खर्च. गणिताच्या तासाला घालावें असें हें उदाहरण आहे. आठवड्याला १४ पौंड वर्षभर मिळाले असें धरलें, तरी दहा हजार पौंड जमावयास तेरा वर्षांहून अधिक काळ लागला असता. खेळाडूचे पाय तितकीं वर्षें टिकतीलच असें कोण सांगणार?

फिनींना मोह पडला, आणि पडला हेंच योग्य झालें. ज्याच्या घरांत बायकोमुलें आहेत त्यानें असा प्रस्ताव हंसून उडवून लावला असता, तर त्यास मी कुटुंबवत्सल म्हटलें नसतें; बेफिकीर म्हटलें असतें. ते परत येऊन रीतसर क्लबाच्या अध्यक्षांकडे गेले. पालेर्मोकडून क्लबालाहि ३०,००० पौंड मिळावयाचे होते. पण अध्यक्ष नॅट बक यांनीं प्रश्न एका वाक्यांत निकालांत काढला: प्रेस्टनकडून खेळावयाचें नसेल, तर कोणाकडूनच खेळतां यावयाचें नाहीं. झालें. फिनी घरीं आले आणि पुढच्या हंगामाच्या तयारीस लागले.

म्हणून म्हणतों, पालेर्मो त्यांनीं नाकारलें नाहीं. तें त्यांना नाकारण्यांत आलें. जें पारतंत्र्य होतें त्यालाच लोकांनीं मागाहून निष्ठेची शाल पांघरली. पांचच वर्षांनीं, १९५७ सालीं, वेल्सचे जॉन चार्ल्स ६५,००० पौंडांना इटलीच्या युव्हेन्टसकडे गेले, कारण त्यांच्या क्लबानें सोडलें. फिनींना तो योग नव्हता. मात्र त्यांनीं खेळांत कुचराई केली नाहीं. १९५४ व १९५७ अशा दोन सालीं ते इंग्लंडांतील उत्कृष्ट खेळाडू ठरले. १९५४ च्या कप-फायनलमध्यें प्रेस्टन २-३ असें हरलें. त्याची खंत गांवाला पुष्कळ दिवस होती.

३० एप्रिल १९६० रोजीं ते डीपडेलवर शेवटचा सामना खेळले. दैवाची थट्टा अशी कीं, अवघ्या नऊ महिन्यांनीं, जानेवारी १९६१ मध्यें, पगाराची मर्यादा उठली. आणि १९६३ सालीं जॉर्ज ईस्टहॅम यांच्या खटल्यांत न्यायालयानें नोंदणीच्या त्या दाव्यालाहि अन्याय्य ठरविलें. ज्यांच्या पिढीनें तो जाच सोसला, त्यांच्या पदरीं मात्र कांहीं पडलें नाहीं. फिनींच्या पदरीं बापानें लावून दिलेला धंदा होता. त्यावर घर चाललें, मुलें मोठीं झालीं. ते गांवचे मॅजिस्ट्रेट झाले, आरोग्यमंडळाचे अध्यक्ष झाले, आणि १९९८ सालीं 'सर' झाले.

आणि आतां ज्यासाठीं हें सारें सांगितलें तो भाग. उतारवयांत एल्सीबाईंना अल्झायमरचा विकार जडला. या दुखण्यांत माणूस हळूहळू स्मृति गमावतो. आधीं कालची गोष्ट जाते, मग नांवें जातात, आणि शेवटीं जन्माच्या सोबत्याचा चेहराहि परका होतो. आपल्यापैकीं ज्यांच्या घरीं असें आजारपण झालें असेल, त्यांना त्याचें वर्णन नको. ज्यांच्या घरीं झालें नाहीं, त्यांना वर्णनानें कळावयाचें नाहीं. फिनी त्या वेळीं स्वतः पंचाहत्तरी ओलांडलेले होते. पत्नीची शुश्रूषा त्यांनीं आपल्याकडे घेतली. येथें त्यांना कोणी अडविलेलें नव्हतें आणि कोणी भागहि पाडीत नव्हतें. इटलीस जाणें न जाणें त्यांच्या हातीं नव्हतें, हें होतें. घरच्या माणसांवरील त्यांच्या मायेची साक्ष मला काढावयाची झाली, तर मी १९५२ सालची काढणार नाहीं, या वर्षांची काढीन. त्यांत गोल नव्हते आणि पाहणारें कोणी नव्हतें. ज्यांच्यासाठीं चाललें होतें, त्यांनाहि तें उमजत नव्हतें.

२००४ सालीं डीपडेलबाहेर फिनींचा पुतळा उभा राहिला. १९५६ सालीं लंडनमध्यें चेल्सीविरुद्धच्या सामन्यांत पाणी सांचलेल्या मैदानावर ते चेंडूमागें घसरले असतां टिपलेलें एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यावरून तो घडविला आहे, आणि त्यांत खरोखरीचें पाणी उडत असतें. नळकाम करणाऱ्याच्या पुतळ्याला पाणी असावें हा योगायोग मोठा गंमतीचा. त्याच वर्षीं एल्सीबाई वारल्या. एकूणसाठ वर्षांचा संसार झाला होता. फिनी पुढें दहा वर्षें जगले, आणि १४ फेब्रुवारी २०१४ रोजीं, एक्याण्णवाव्या वर्षीं, निवर्तले. अंत्ययात्रा डीपडेलवरून गेली.