ऑईल कधी बदलायचं, मामा?

परवा भाच्याचा फोन आला. "मामा, वर्षभरात गाडी तीन हजार किलोमीटरसुद्धा चालली नाही. मिस्त्री म्हणतो ऑईल बदला. मी म्हणतो कशाला? पाच हजार तर होऊ द्या!"

मी इतिहासाचा मास्तर, गाडीचा नव्हे. पण मास्तरला सगळे येते असा आमच्या घराण्यात एक जुना गैरसमज आहे, आणि तो मी इतकी वर्षे जपला आहे. "दोन दिवसांनी सांगतो," म्हणून फोन ठेवला. मग मनात आले, हा 'पाच हजार' आकडा आला तरी कुठून? त्याचा माग काढता काढता मी थेट बैलगाडीपाशी जाऊन पोचलो.

आमच्या लहानपणी परभणीच्या आसपासच्या खेड्यांत घरोघर बैलगाडी असे. गाडीखाली वंगणाचे नळकांडे लटकत असे. एरंडेलात भिजवलेल्या चिंध्या त्यात असायच्या. वंगण कधी घालायचे याचे पुस्तक नव्हते. चाक कुरकुरले की घालायचे, आणि लांबच्या बाजाराला जायचे असेल तर आदल्या रात्रीच घालून ठेवायचे. आजोबा दोन शेते पलीकडून आवाज ऐकून सांगत, "कोणाची तरी गाडी कोरडी चाललीय." म्हणजे मुदत ठरवायची ती कानाने आणि पुढच्या वाटेच्या अंदाजाने.

मोटार आली आणि कानाचे काम संपले. इंजिन कुरकुरायला लागले म्हणजे उशीर झालेला असतो! आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यात १९३२ साली निजाम स्टेट रेल्वेने २७ गाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू केली. तिकडे मुंबई राज्यात १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिली एसटी धावली, आणि १९६१ मध्ये मराठवाड्याची बससेवाही एसटी महामंडळात आली. शेकडो गाड्या आणि शेकडो ड्रायव्हर म्हटल्यावर एकेकाच्या कानावर कसे भागणार? मग आले नियम. गाडी डेपोतून निघण्यापूर्वी पाणी, ऑईल, हवा बघायची. अमुक किलोमीटरला ऑईल बदलायचे, तमुक किलोमीटरला ग्रीसिंग करायचे. 'किलोमीटरवर मुदत' ही सवय आपल्या लोकांनी पाहिली ती अशी.

खाजगी गाडीत आमच्या पिढीचा देव म्हणजे फियाट. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० आणि पुढे पद्मिनी बाहेर पडली. गावात एका वकीलसाहेबांकडे फियाट होती. दर रविवारी सकाळी बॉनेट उघडून ते ऑईलची पट्टी ओढायचे, फडक्याने पुसायचे, पुन्हा घालून बघायचे. आम्ही पोरे भोवती उभी! महिन्या-दोन महिन्यांनी ग्रीसगन घेऊन मिस्त्री गाडीखाली शिरे. ऑईल दोन-तीन हजार किलोमीटरला बदलायचे असा त्यांचा दंडक होता.

तो दंडक वेडेपणा नव्हता. त्या इंजिनात कार्बोरेटर. सकाळी थंड इंजिन सुरू करायला चोक ओढला की पेट्रोल जास्त जाई, ते पूर्ण जळत नसे आणि थोडे खाली ऑईलमध्ये उतरे. पेट्रोलमध्ये शिसे असे, त्याची राख इंजिनात साठे. (शिसेविरहित पेट्रोल देशभर लागू झाले ते १ फेब्रुवारी २००० पासून.) डिझेलची तऱ्हा आणखी वाईट. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला डिझेलमध्ये एक टक्क्यापर्यंत गंधक चाले, म्हणजे दहा लाख भागांत दहा हजार. ते जळून आम्ल तयार होई, आणि ते आम्ल मारता मारता ऑईलची ताकद संपे. शिवाय आपल्या रस्त्यांची धूळ. ऑईल काळे व्हायला वेळ तो काय लागणार?

नंतर एकेक गोष्ट बदलत गेली. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. पुढे कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आले. थंडीत पातळ आणि उष्णतेत पुरेसे दाट राहणारे मल्टिग्रेड ऑईल सर्रास मिळू लागले. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ लागू झाले, आणि इंधनातले गंधक दहा लाखांत फक्त दहा भागांवर आले. दहा हजारांवरून दहा! म्हणून आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांच्या पुस्तकात ऑईलची मुदत दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल ते, अशी असते. आपल्या तोंडातला 'पाच हजार' मात्र अजून जुन्या गाड्यांच्या काळातलाच आहे. गाडी बदलली, तेल बदलले, आकडा तसाच राहिला.

इथवर लिहून थांबलो असतो तर हा लेख नुसता आकड्यांचा झाला असता. पण २०११ ची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

कल्याणला लग्न होते. साडूंच्या गाडीत आम्ही चौघे, मागे आहेराची पोती. गाडी नऊ वर्षांची, पण जेमतेम बत्तीस हजार चाललेली. साडू मोठे काटेकोर. इंजिन ऑईल दरवर्षी न चुकता बदलायचे, त्याच्या पावत्या फाईलला लावलेल्या. माळशेज घाट उतरताना ते पुन्हा पुन्हा ब्रेक दाबत होते. अर्ध्यावर आल्यावर एकदम म्हणाले, "पाय खाली चाललाय." पेडल तळाला टेकले होते! त्यांनी गिअर खाली घेतला, हँडब्रेक ओढला, आणि गाडी डोंगराच्या बाजूला घासत कशीबशी थांबली. मागे बसलेल्या दोघी बहिणींच्या तोंडून शब्द फुटेना. अर्ध्या तासाने पेडल पुन्हा घट्ट लागले, जसे काही झालेच नव्हते.

कल्याणच्या मिस्त्रीने विचारले, "काका, ब्रेक ऑईल कधी बदललं होतं?" साडू माझ्याकडे बघू लागले, मी त्यांच्याकडे. नऊ वर्षांत एकदाही नाही!

ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषून घेते. गाडी चालो वा उभी राहो, ओढतच राहते. नवे डॉट ३ ऑईल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. साडेतीन-चार टक्के पाणी मुरले की १४० पर्यंतच टिकते. घाटात ब्रेक तापले की त्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, जोर चाकापर्यंत पोचत नाही आणि पेडल पोकळ होते. थंड झाले की पुन्हा शहाण्यासारखे वागते. ही मुदत किलोमीटरची नाहीच, वर्षांची आहे. बहुतेक पुस्तकांत दोन वर्षे दिलेली असते. साडूंच्या गाडीच्या पुस्तकातही होती. लग्नाहून परत आल्यावर मी ते पान उघडून पाहिले. आयुष्यभर मुलांना 'धडा पूर्ण वाचा' म्हणून ओरडलो, आणि हे पान आम्हा दोघांपैकी कोणीच वाचले नव्हते.

तेव्हा भाचेबुवा, उत्तर असे. तुझा मिस्त्री बरोबर आहे. तुझी गाडी घर ते बाजार, बाजार ते घर एवढीच फिरते. इंजिन नीट तापतच नाही, म्हणून त्यातले पाणी आणि पेट्रोल उडून न जाता ऑईलमध्येच राहते. तीन हजार असो वा दोन, वर्ष झाले की बदल. तुझा तो जिंतूरचा मित्र महामार्गावर महिन्याला दोन हजार चालवतो आणि पाच हजाराला ऑईल फेकतो, त्याला मात्र पुस्तक बघायला सांग. त्यातच बारीक अक्षरात 'कठीण परिस्थिती' असे एक पान असते: धूळ, छोटे फेरे, गर्दी. तिथे मुदती कमी केलेल्या असतात. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत आपल्या रस्त्यांवर जी धूळ उडते ती त्यातच मोडते, म्हणून एअर फिल्टर तेवढा लवकर बघ. रेडिएटरमध्ये नळाचे पाणी ओतू नकोस. कूलंट कोणते आणि किती वर्षांचे, तेही पुस्तकात आहे.

आणि ब्रेक ऑईल कधी बदलले ते आजच्या आज मला कळव. गाडीत आमची ताई बसते.