रेडिएटर नसलेली गाडी आणि झाशीचा उन्हाळा

झाशीला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. बुंदेलखंडातला खडक दिवसभर तापतो आणि रात्रीही धग सोडत नाही. बबीना रेंजच्या बाजूला ड्यूटी असली की नव्या पोरांचा एक प्रश्न ठरलेला असायचा, "उस्ताद, टाट्राला रेडिएटरच नाही, मग ती उकळत कशी नाही?"

हे उत्तर शंभर वर्षं मागे जातं. १९२३ साली हान्स लेडविंका यांनी टाट्रा ११ ही मोटार आणली. दोन सिलिंडरचं, हवेवर थंड होणारं इंजिन आणि चासीच्या जागी मधोमध एक जाड नळी. १९३४ च्या टाट्रा ७७ मध्ये व्ही-८ इंजिन मागे गेलं. पुढे पोर्शेंच्या फोक्सवॅगनमध्ये अशाच कल्पना दिसल्या, तेव्हा टाट्राने दावा लावला. १९३९ मध्ये जर्मनीने चेकोस्लोव्हाकिया गिळला आणि दावा थांबला. युद्धानंतर फोक्सवॅगनने पैसे देऊन तो मिटवला. लेडविंका मात्र शत्रूला साथ दिल्याच्या आरोपावरून १९५१ पर्यंत तुरुंगात होते.

त्याच फोक्सवॅगनची लष्करी गाडी, क्युबेलवागन, आफ्रिकेच्या वाळवंटात धावली. पाणी भरायला नको, गोठायची भीती नको. आपण १९६५ ला असल उत्तरला ज्या पॅटन रणगाड्यांची कबर केली, त्यांची इंजिनंही हवेवरचीच. त्यांना इंजिनाने नाही, ओल्या शेतांनी आणि आपल्या तोफांनी अडवलं.

आता हिशेब पाहा. रेडिएटरमधलं पाणी ९० अंशांवर धरा. बाहेर १५ असेल तर फरक ७५ चा. बाहेर ४५ झालं की फरकही ४५ वर येतो, म्हणजे ४० टक्के कमी. सिलिंडरच्या पात्या १८० अंशांवर धरल्या तर तोच फरक १६५ वरून १३५ वर येतो. उन्हाळ्याचा फटका कमी बसतो तो यामुळे.

पण वारा आपोआप काम करत नाही. पंखा हवा ढकलतो आणि पत्र्याचं आवरण ती प्रत्येक सिलिंडरच्या पात्यांतून न्यायला लावतं. आवरण सैल झालं, एखादा पत्रा काढून टाकला, की हवा सोपी वाट धरते आणि एकच सिलिंडर जळतो. बीटलमध्ये पंख्याच्या घरातून केबिन-हीटरकडे दोन तोंडं जातात. गरम मुलखात हीटर काढला आणि ती तोंडं उघडी राहिली, तर सिलिंडरची हवा तिथून गळते. ती झाकणाने बंद करावीच लागतात. पट्टा तुटला तर पंखा आणि डायनॅमो एकदमच थांबतात. म्हणून तिथे चार्जिंगचा लाल दिवा लागला की गाडी तिथल्या तिथे उभी करायची.

१९८६ च्या करारानंतर टाट्रा बीईएमएलमार्फत आपल्या सैन्यात रुळली. पिनाकाही तिच्याच पाठीवर बसला. हिमालयात तिच्या केबिनला वेगळा, इंधन जाळणारा हीटर लागतो, कारण ऊब द्यायला इंजिनात गरम पाणीच नाही. झाशीत त्याची गरज नाही. इथला शत्रू वेगळा: गळलेलं तेल आणि त्यावर बसलेली धूळ. दोन्ही मिळून पात्यांवर गोधडी तयार होते. गेज वर चढण्याची वाट पाहू नका. कॉन्व्हॉय निघायच्या आदल्या दिवशी पात्या धुवा, आवरणाचे बोल्ट तपासा. दारूगोळा भरलेली गाडी रस्त्यात बसली तर मागची सगळी रांग बसते.