फळाची मुदत

मुदत हा शब्द खरा दफ्तरातला, कर्जाला आणि कौलाला शोभणारा. परंतु तोडलेल्या फळाच्या उरलेल्या आयुष्याला याहून चपखल नाव मला सापडलेले नाही. ही मुदत वाढविण्याची विद्या शीतगृहाबरोबर जन्मास आली, असा जो समज नगरवासी वाचकांत रूढ आहे, तो 1982 साली चंद्रपूरपासून विभक्त झालेल्या गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्लीच्या अरण्यमुलुखात फार काळ तग धरीत नाही. तेथील माडिया आदिवासींचा एक सण मरका पंडुम: मरका म्हणजे आंबा, पंडुम म्हणजे सण, आणि नवे फळ देवास व पूर्वजांस अर्पण झाल्यावाचून कोणी तोंडास लावू नये, असा त्यामागचा दंडक. (शेजारच्या तेलुगूत पिकल्या फळाला पंडु आणि सणाला पंडुग म्हणतात, केवळ ध्वनिसाम्यावरून सोयरीक जुळवू नये, हे मान्य करूनही मोह आवरत नाही.) दंडक देवासाठी असेल, पण लाभ फळाचाही होतो, कारण कोवळा तोडलेला आंबा सुरकुततो, आणि कोय कठीण होऊन गरात पिष्ट भरेपर्यंत झाडासारखे दुसरे कोठार नाही.

तोडल्यानंतरची कुळकथा गवताच्या थरांत सुरू होते. पश्चिमेकडे जिला आढी म्हणतात, तिलाच विदर्भात माच. हे संस्कृत मञ्चाचे अपत्य दिसते, आणि रानडुकरांपासून धान राखणारे मचाण त्याचे सख्खे भावंड. माच फळ पिकवितो, टिकवीत नाही, असा आक्षेप कोणी घेईल. तो अर्धाच खरा. पिकते फळ इथिलीन नावाचा वायू सोडते, हे केंब्रिजच्या रिचर्ड गेन यांनी 1934 मध्ये सफरचंदावर सिद्ध केले. गवतात कोंडलेला तोच वायू शेजारच्या फळांना घाई करतो. माच रोज उलथून पिकलेला आंबा बाजूस काढणारी म्हातारी त्या वायूचे नाव न जाणताही एका फळाची घाई शंभरांस लागू देत नाही.

देठ हे दुसरे प्रकरण. तो बुडातून तुटला की चीक ओघळून साल डागाळते आणि त्याच जखमेतून कूज आत शिरते. म्हणूनच दापोलीच्या कृषी विद्यापीठाने देठासह फळ उतरविणारा ‘नूतन झेला’ सिद्ध केला.

शीतगृह या कुळात फार मागाहून आले, आणि आल्यावरही त्याची मिजास पुरती चालली नाही. सफरचंदास शून्याच्या आसपासची थंडी मानवते. आंबा मात्र साधारण 13 अंशांखाली फार दिवस राहिला की काळवंडतो, आणि पुढे उबेत आणला तरी धड पिकत नाही. दूरच्या पेठेस जाणारा आंबा त्यामुळे आजही कठीण, हिरवा, देठासकट निघतो, आणि त्याचे पिकणे पेठेत पोहोचेपर्यंत तहकूब राहते.